बदलीचा माणूस

रहमतबीला त्या दिवसांविषयी विचारू नये. विचारलं तर ती आधी पानाचा डबा बाजूला सारते, मग पदर खोचते, आणि एकदा बोलायला लागली की थांबत नाही. लोकांना वाटतं, निजामाचं राज्य गेलं, त्याची रेल्वे हिंदुस्थान सरकारात सामील झाली, त्याचं हिला दुःख असेल. तिला त्याचं काही नाही. राज्य कुणाचं का असेना, तिची चूल तिलाच पेटवावी लागत होती. तिला राग आहे तो एका फाटकाचा, आणि ते फाटक बायकोसारखं सांभाळणाऱ्या आपल्या नवऱ्याचा.

"बायकोसारखं कसलं," ती म्हणते, "बायकोला कोन एवढं सांभाळतंय!"

हिंगोलीहून गाडी पूर्णेकडं निघाली की काही मैलांवर ते फाटक लागायचं. दोन्ही बाजूंना काळी रानं, रूळ ओलांडून गावाकडं जाणारी बैलगाड्यांची एक बंडीवाट, कडेला कडुनिंब आणि त्याच्याखाली एका खोलीची चौकी. तिथं जलालुद्दीन गेटमन होता. गाडी यायच्या आधी फाटक लावायचं, हिरवी झेंडी धरून उभं राहायचं, आणि गाडी पुढं गेली की फाटक उघडून बंड्या सोडायच्या. काम म्हणाल तर एवढंच. पण एवढ्याशा कामाला माणूस कायमचा बांधलेला. फाटकाच्या कुलपाला दोन किल्ल्या होत्या. एक त्याच्या खिशात, दुसरी रहमतबीच्या कमरेला. तो झोपला की ही जागी, तो आजारी पडला की हिच्या हातात झेंडी. दोघंही एकदम फाटक सोडून गेलेत असा एकही दिवस त्या चौकीनं पाहिला नव्हता.

घरात दोघं दखनीत बोलत. भांडण मात्र रहमतबी मराठीत करायची, कारण फाटकाशी अडकलेल्या बंडीवानांना ते बराबर कळावं अशी तिची इच्छा असे. बंडीवानही मोठे रसिक. गाडीला उशीर झाला तरी कुणी कुरकुर करत नसे. उलट एखाद्या दिवशी चौकी गप्प असली तर कुणीतरी बैलांना दम देत हळूच विचारायचा, "भाबी, आज काई न्हाई का?"

विषय ठरलेला असायचा. पोरगी. कमरजहाँ पूर्णेला दिली होती, इंजिनाच्या शेडमधल्या फिटरला. त्यांच्या खानदानातली रीत अशी की लेकीच्या सासरी पहिल्यांदा जायचं ते आई-बापांनी मिळून. दोघांनी बरोबर उंबरा ओलांडायचा. आई एकटी गेली तर सासरचे समजतात की बाप रुसलाय, आणि त्याचे टोमणे लेकीच्या वाट्याला येतात. एवढी साधी रीत. पण फाटकावरच्या माणसांनी ती पाळायची कशी? कमरचं लग्न होऊन सात वर्षं झाली, तिला दोन लेकरं झाली, तरी रहमतबीनं लेकीचं घर पाहिलं नव्हतं. लग्नसुद्धा त्याच कडुनिंबाखाली लागलं होतं. काझीसाहेब निकाह पढवत असताना लांबून शिट्टी झाली आणि मुलीचा बाप झेंडी घेऊन उठला. गाडी जाईपर्यंत नवरा, वऱ्हाड आणि काझीसाहेब सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले.

कमरची सासू नजमुन्निसा त्या दिवसापासून हे विसरली नव्हती. कमर माहेरी निघाली की ती हटकून म्हणायची, "तुझ्या अब्बांना सलाम सांग. फार मोठे हुद्देदार आहेत ते, त्यांना फुरसत नाही." कमर हे हसत हसत सांगायची, आणि रहमतबी ते रात्रभर चघळायची.

रेल्वेच्या माणसाला सालातून एकदा घरच्यांसकट फुकट प्रवासाचा पास मिळे. जलालुद्दीन न चुकता पास आणायचा आणि बायकोच्या हातात ठेवायचा. ती तो पेटीत कमरच्या लहानपणच्या झबल्यांखाली जपून ठेवायची. मग बदलीच्या माणसाची वाट बघणं सुरू व्हायचं. बदलीचा माणूस म्हणजे खेमा. रूळ ठोकणाऱ्या टोळीतला होता, सरळ स्वभावाचा, कामाला वाघ. मुकादमाकडं सतरा खेपा घातल्यावर एका साली तो खरोखरच आला. रहमतबीनं नवं लुगडं नेसलं, जलालुद्दीननं शेरवानी चढवली, डब्यात खजुराच्या पोळ्या भरून झाल्या. निघताना जलालुद्दीन म्हणाला, "खेमा, जरा झेंडी धरून दाखव बरं."

खेमानं झेंडी धरली.

"हात ढिला हाय तुझा."

"आवो चाचा, झेंडीच हाय, मुसळ न्हाई!"

"ड्रायव्हरला लांबून दिसली पायजे. ढिल्या हाताची झेंडी म्हंजे माणूस झोपेत हाय असं वाटतं." असं म्हणून जलालुद्दीननं त्याच्या हातातून झेंडी काढून घेतली, आणि शेरवानीची गुंडी सोडली. पोळ्या खेमानं आणि बंडीवानांनी खाल्ल्या. नवरा वाईट असता, दारू पीत असता, तर रहमतबीला चार लोकांत रडता आलं असतं. हा माणूस चोख होता, आणि चोख माणसाविरुद्ध तक्रार करायची कुणाकडं?

लेकीची खबर यायची ती शंकरसिंगकडून. तो त्या गाडीचा ड्रायव्हर. फाटक जवळ आलं की तो दोन शिट्ट्या द्यायचा, चुलीसाठी कोळशाचं एखादं ढेकूळ चौकीकडं फेकायचा, आणि इंजिन पुढं सरकेपर्यंत जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडायचा. उरलेलं परतीच्या फेरीला. कमरला दुसरं लेकरू झालं तेव्हा सकाळी तो "भाबी, कमर बाळंत झाली!" एवढंच ओरडून गेला, आणि मुलगी झाली हे संध्याकाळी कळलं. तो अख्खा दिवस रहमतबीनं रुळाकडं बघून शिव्या देत काढला.

मग अट्ठेचाळीस साल आलं. सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली, राज्य पालटलं. त्या दिवसांत आजूबाजूची कितीतरी घरं ओस पडली, माणसं नाहीशी झाली. या दोघांना गावच्या बंडोपंतांनी आपल्या हळदीच्या कोठीत ठेवून घेतलं आणि दाराशी स्वतः बाज टाकून बसले. गाड्या बंद होत्या. कोठीच्या अंधारात रहमतबीच्या मनात आलं की आता फाटकाला काम नाही. जरा निवळलं की पायी पायी पूर्णा गाठू. कमर जिवंत आहे का, तेवढं तरी डोळ्यांनी बघू. तिनं तसं बोलून दाखवलं तर जलालुद्दीन म्हणाला, "गाडी कधी बी सुरू व्हईल, रहमत." बंडोपंतांची पाठ फिरली की हा गडी पहाटे उसाच्या कडेनं जाऊन फाटकाचं कुलूप ओढून बघून यायचा. जिवाची भीती सगळ्यांना असते; याला कुलपाची होती. बंडोपंतांना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

गाड्या सुरू झाल्या. पहिल्याच फेरीला शंकरसिंग कधी नव्हे ते इंजिनातून अर्धा बाहेर लोंबकळून ओरडला, "कमर खुशाल हाय! समदे खुशाल!" रहमतबी त्या दिवशी मनसोक्त रडली. आणि रडून झाल्यावर तिनं ठरवलं की आता बस्स.

त्यातच नवी बोलणी कानावर येऊ लागली. गाडी हिंदुस्थान सरकारच्या ताब्यात जाणार, सगळ्या लाइनी एक होणार, जुने पास चालणार नाहीत. कुणी म्हणे पुढच्या महिन्यात, कुणी म्हणे पुढच्या साली. खरं कुणालाच माहीत नव्हतं, पण रहमतबीला एवढं पुरेसं होतं. फाटक लागलेलं होतं, बंड्या उभ्या होत्या, आणि ती चौकीच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अवो, ऐकून राहिले का? हा शेवटचा पास हाय. ह्याच्यावर न्हाई गेलो तर मी मेल्यावरच लेकीचं घर बघीन!"

"बदलीवाला येऊ दे, जाऊ."

"सात साल झाले बदलीवाला येऊन राहिला! काहून खोटं बोलता? तुमाला जायाचंच न्हाई!"

एक म्हातारा बंडीवान म्हणाला, "जा ना जलालभाई. चार दिस आमी सांबाळतो फाटक." बाकीच्यांनी माना हलवल्या. जलालुद्दीननं त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू कुणी त्याच्या पोटच्या लेकराला विहिरीच्या काठावर बसवायला मागत होतं.

आणि मग ज्याची तिनं कधी कल्पना केली नव्हती ते घडलं. एक दिवस ट्रॉलीवर बसून एक साहेब आला. लाइन दुसऱ्यांच्या ताब्यात द्यायच्या आधी झाडाझडती चालली होती. साहेबानं फाटक पाहिलं, बंडीवाट पाहिली, आणि सांगितलं की एवढ्याशा वाटेला फाटक लागत नाही. हे कायमचं बंद. बंड्यांनी पुढच्या फाटकावरून फिरून जावं.

जलालुद्दीन म्हणाला, "साहेब, तिकडं मधी ओढा हाय. बंड्या फसतील."

"तुझं वय झालंय," साहेब म्हणाला. "तू आता घरी बस."

"पण बंड्यांचं काय, साहेब?"

आपल्याला काढलं, पुढं खायचं काय, हे त्यानं विचारलंच नाही. विचारलं ते बंड्यांचं! रहमतबी चौकीच्या आडून हे ऐकत होती आणि दात खात होती. साहेबानं फाटकाला कुलूप घालायला लावलं, जलालुद्दीनकडून किल्ली मागून घेतली आणि ट्रॉली पुढं गेली. बायकोकडं दुसरी किल्ली आहे हे कुणी विचारलं नाही. रेल्वेच्या लेखी फाटकावर बायको नव्हतीच.

जलालुद्दीन रुळाकडं तोंड करून बसून राहिला. आणि रहमतबीला, खरं सांगायचं तर, लाज वाटावी इतका आनंद झाला. नोकरी गेली होती, चौकी सोडायची होती, आणि हिच्या मनात एकच गोष्ट नाचत होती. आता बदलीवाला लागत नाही! तिनं त्याच संध्याकाळी पेटीतून पास काढला, शेरवानी झटकली, पुन्हा एकदा खजुराच्या पोळ्या केल्या. निघायच्या आधी नवऱ्याचं गाठोडं सोडून बघितलं.

"झेंड्या चौकीतच ठेवल्या ना?"

"ठेवल्या."

तरी तिनं गाठोडं पुन्हा एकदा चाचपलं.

गाडी फाटकावर थांबत नसे, म्हणून दोघं बंडीनं हिंगोलीला गेली आणि तिथून बसली. रहमतबीला खिडकी मिळाली. इतकी वर्षं गाडीच्या शेजारी संसार केला, पण बसली ती त्या दिवशी. एरवी रान जागेवर असायचं आणि गाडी पळायची. आज गाडी जागेवर होती आणि रान पळत होतं. तिला हसू येत होतं. शेजारी नवरा शेरवानी घालून बसलेला, मांडीवर पोळ्यांचा डबा, पुढं लेकीचं घर. नजमुन्निसाच्या तोंडावर मारायला तिनं दोन-चार वाक्यंही जुळवून ठेवली होती. जलालुद्दीनचं मात्र तिकडं लक्ष नव्हतं. तो रुळांचा आवाज ऐकत होता आणि कोणत्या आवाजाला कोणती जागा आली हे त्याला कळत होतं.

मग गाडीचा वेग कमी झाला. फाटकावर माणूस नाही, म्हणून तिथं गाडी बैलाच्या चालीनं न्यायची असा शंकरसिंगला नवा हुकूम होता. त्यानं दोन शिट्ट्या दिल्या. सवयीनं कोळशाचं ढेकूळही रिकाम्या चौकीकडं भिरकावलं.

रहमतबीनं बाहेर पाहिलं. फाटकाच्या दोन्ही बाजूंना बंड्या उभ्या होत्या. बाजाराचा दिवस. हळदीची पोती, कडब्याच्या पेंढ्या, बायका, म्हाताऱ्या. ओढ्याच्या वाटेनं कुणी गेलंच नव्हतं. फाटक लागलंय म्हणजे गाडी यायचीय, गाडी गेली की फाटक उघडेल, एवढंच त्यांना माहीत होतं. ते शांतपणे थांबले होते. तो म्हातारा बंडीवान चौकीच्या दाराकडं बघत होता.

जलालुद्दीन उठून उभा राहिला.

"बसा खाली," रहमतबी म्हणाली.

"किल्ली दे."

"बसा म्हणते ना! तुमाला काढलंय. तुमचं काई न्हाई तिथं आता!"

"रहमत, ते उभे हायेत. त्यांना कुणी सांगितलं न्हाई. किल्ली दे."

ती नाही म्हणू शकत होती. किल्ली तिच्या कमरेला होती, आणि तिच्या परवानगीशिवाय ती कुणी काढली नसती. पण खाली एका बंडीत एक लेकुरवाळी पदरानं पोराला ऊन लागू नये म्हणून आडोसा करून बसली होती, आणि गाडी इतकी हळू चालली होती की उतरून, कुलूप उघडून, मागच्या डब्यात चढायला कुणालाही सहज जमेल असं वाटत होतं. रहमतबीनं कमरेची किल्ली ओढून त्याच्या हातावर आपटली.

"उघडा अन् मागल्या डब्यात चढा! ऐकलं का? मागल्या डब्यात!"

तो उतरला. म्हाताऱ्या हाडांच्या मानानं अगदी सफाईनं उतरला. खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून ती बघत राहिली. तो फाटकाशी गेला, कुलपाला हात लावला, आणि गाडीकडं तोंड करून ताठ उभा राहिला. उजवा हात वर, मूठ घट्ट, जणू तीत झेंडी आहे. उघडत मात्र काहीच नव्हता.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. गाडी जाईपर्यंत फाटक उघडत नसतात. शेवटचा डबा गेल्यावर उघडतात. सगळा जन्म तिनं हेच केलं होतं, झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आणि ऐन वेळी स्वतःच्या हातानं किल्ली देऊन त्याला म्हणाली, उघडा आणि चढा!

शेवटचा डबा त्याच्यासमोरून गेला. शंकरसिंगनं वाफ सोडली आणि गाडीनं वेग घेतला. रहमतबीनं त्या डब्यात अशी किंकाळी फोडली की समोरच्या बाईच्या हातातला तांब्या पडला. "काय झालं, काय झालं?" लोक विचारू लागले. ती काय सांगणार? कपाळ बडवून घेत ती एवढंच म्हणत राहिली, "मीच दिली! मीच दिली किल्ली!"

पूर्णेला कमर स्टेशनवर आली होती. तिनं आईला पाहिलं, आईच्या मागं पाहिलं, आणि गाठोडं उचललं. घर रुळालगतच होतं. दारात नजमुन्निसा उभी होती, कडेवर लहानी.

"या समधन," ती म्हणाली. "आणि समधी?"

रहमतबीनं जुळवून ठेवलेल्या वाक्यांतलं एकही आता उपयोगाचं नव्हतं. ती उंबऱ्याबाहेर पायरीवर बसली. म्हणाली, "येऊन राहिले. मागच्या गाडीनं." लेकीनं हात ओढला, विनवण्या केल्या. जावई शेडमधून आला, त्यानंही सांगून पाहिलं. ती हलली नाही. रीत मोडायची नाही, एवढंच तिच्या हातात उरलं होतं. जेवण पायरीवरच केलं, रात्री शेजारणीच्या ओसरीला टेकली, सकाळी पुन्हा पायरीवर. फाटक लागलेल्या बंडीसारखी ती तिथं खिळून होती, आणि आपली ही गत तिला कळत होती. तिचा संताप त्यामुळंच वाढत होता. घर तर समोर होतं, दार सताड उघडं. आतून नातीचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिंगोलीची गाडी आली. थोड्या वेळानं रुळाच्या कडेनं एक माणूस येताना दिसला. एकटाच. कोळशानं काळा झालेला. शंकरसिंग. आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्याशी उभा राहून बोलणार होता.

"भाबी, जलालभाई बराबर हाय. काळजी करू नका. फाटकावरच हाय. बंड्या सोडून राहिला."

"अन् येऊन कवा राहिले?"

शंकरसिंगनं डोक्याची टोपी काढली, तिची घडी केली, पुन्हा उलगडली.

"म्हणाला, बदलीवाला आला की लगेच येतो."

कोण बदलीवाला? रेल्वेच्या लेखी ते फाटक उरलंच नव्हतं. जिथं नोकरीच नाही तिथं बदलीवर कोण येणार? खेमालाही कुणी पाठवणार नव्हतं, ढिल्या हाताचा का असेना. हे शंकरसिंगला कळत होतं. पायरीशी उभ्या असलेल्या सगळ्यांना कळत होतं. एका जलालुद्दीनला तेवढं कळत नव्हतं, किंवा कळूनही त्याला तिथंच उभं राहायचं होतं, आणि यातलं कोणतं खरं हे ठरवायचीही आता रहमतबीला इच्छा उरली नव्हती. तिला रडू आलं. ते दुःखाचं होतं त्यापेक्षा रागाचं जास्त होतं.

डोळे पुसून ती उठली. पोळ्यांचा डबा उचलला आणि एकटीनंच उंबरा ओलांडला. नजमुन्निसानं तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "बाप रुसला न्हाई. बाप फाटकावर हाय."

सात वर्षं ती हेच वाक्य निरोपातून पाठवत होती. नजमुन्निसानं लहानीला रहमतबीच्या मांडीवर ठेवलं आणि चहा टाकायला आत गेली.

ऐकणारा इथं हमखास विचारतो, "मग ते आले का?"

"आले ना," रहमतबी म्हणते. "रेल्वेनं फाटकाचं कुलूप बदललं, तवा आले. माझ्यासाठी कुठं आले?" आणि पानाचा डबा पुन्हा पुढं ओढते.